लांबचा पट कधी अलीकडे, कधी पलीकडे: पटर बदलायच्या आधी काय काय तपासायचं

गोल्फमध्ये ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) व्यवस्थित दोन शॉटमध्ये आलात, होल ४० फुटांवर, आणि तिथून तीन पट, म्हणजे बॉल घरंगळवत मारायचे फटके. हे ज्यांचं दर राउंडला होतं त्यांच्यासाठी लिहितोय. मी प्रो नाही, कोच नाही, पण आमच्या ग्रुपातले आणि क्लबातले लोक ही एकच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात, बहुतेक मी पटर (पट मारायची काठी) विकत नाही म्हणून येत असावेत, आणि इतक्या जणांचं बघून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की लांब पटमध्ये स्ट्रोकच बिघडलाय असं फार कमी वेळा निघतं. किती अंतर आहे, आज ग्रीन किती पळतंय, चढ किती आहे, यातलं बहुतेकांना काहीच माहीत नसतं आणि खापर फुटतं मनगटावर नाहीतर पटरवर.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ओळखा, कारण पुढचा सगळा तपास त्यावर आहे.

– चढावरचा पट कायम ५-६ फूट अलीकडे थांबतो, सपाटीवरचा बरा असतो.
– उतारावरचा पट होलला टाटा करून थेट फ्रिंजमध्ये (ग्रीनच्या कडेच्या थोड्या उंच गवतात).
– पहिल्या तीन-चार होल्सवर सगळं चुकतं, नंतर जमायला लागतं.
– आपल्या कोर्सवर ठीक, दुसरीकडे खेळायला गेलं की सत्यानाश.
– एकाच जागेवरून दोन बॉल मारले तर एक ६ फूट अलीकडे, दुसरा ६ फूट पलीकडे.
– आणि सगळ्यात कॉमन: बॉल ८ फूट अलीकडे थांबतो आणि आपण म्हणतो, "पण लाइनीत होता ना!"

या शेवटच्यावर जरा बोलतो. ४० फुटांवरून बॉल डावीउजवीकडे किती चुकतो ते बघा, फार तर दीड-दोन फूट. पुढेमागे मात्र ८-१० फूट सहज चुकतो. तरी आपण उकिडवे बसून लाइनच (दिशाच) बघत राहतो, कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) विचारतो, कॅडी सांगतो "सर, एक कप राइट", म्हणजे होलच्या रुंदीएवढं उजवीकडे, आणि किती जोरात ते ना आपण विचारत ना तो सांगत. आता यातलं गणित बघा. बॉल किती लांब जाणार हे वेगाच्या वर्गावर ठरतं, म्हणजे वेग १० टक्के जास्त झाला तर अंतर साधारण २० टक्के वाढतं. ४० फुटांवर झाले ८ फूट. आणि ८ फुटांवरून पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले) लोकसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात, तिथे तुमचं आमचं काय घेऊन बसलात. त्याच टूरवाल्यांना ३३ फुटांच्या आसपास सरासरी दोन पट लागतात. त्यामुळे एवढ्या लांबून होल करायचं हे टार्गेट नाहीच, दुसरा पट घाम न फुटता मारता यावा एवढ्या जवळ बॉल ठेवायचा. मी अंतराच्या १० टक्के धरतो. ४० फूट असेल तर ४ फुटांच्या आत, ३० असेल तर ३.

आधी दोन राउंड नुसतं लिहा

काहीही बदलू नका. स्कोअरकार्डाच्या मागे प्रत्येक लांब पटची एक ओळ: किती पावलं, चढ का उतार का सपाट, आणि बॉल कुठे थांबला, अलीकडे का पलीकडे, किती पावलं. बास.

हे करायचं कारण म्हणजे आपली आठवण पक्की खोटारडी असते. "मी नेहमी शॉर्ट राहतो" म्हणणाऱ्याचं कार्ड बघितलं की त्यात निम्मे पट लांब गेलेले असतात, आणि उलटही होतं. आणखी एक, आपल्याकडे शनिवार-रविवारच्या चौघांच्या फोरबॉलमध्ये गिमीचा (जवळचा पट न मारताच गेला असं धरून सोडून द्यायचा) सढळ हात असतो, "उचला साहेब, चांगला आहे" म्हणत ४ फुटांचे पटसुद्धा देऊन टाकतात, त्यामुळे कितीतरी थ्री-पट कार्डावर टू-पट म्हणून चढतात. नोंद करताना गिमी घेऊ नका. किंवा पैजेपुरती घ्या, पण लिहिताना खरं लिहा.

दोन राउंड झाले की एकच प्रश्न विचारायचा: चुका एका बाजूला आहेत का दोन्ही बाजूंना? एकाच बाजूला असतील, म्हणजे चढावर कायम शॉर्ट, उतारावर कायम लांब, सकाळी कायम शॉर्ट, तर तुमचे हात बहुतेक ठीक आहेत, अंदाज चुकतोय. पहिल्या चार-पाच तपासांत सापडेल. सपाटीवर, त्याच अंतरावर, कधी अलीकडे कधी पलीकडे असा काही ताळमेळच नसेल तर बॉल पटरवर नीट लागत नाहीये किंवा टेंपो (स्ट्रोकची लय) हललाय. तरी सुरुवात वरूनच करा, कारण वरच्या तपासांना पैसे पडत नाहीत.

१. पावलं मोजता का?

फुकट आहे आणि निम्म्या लोकांचं इथेच भागतं. बॉलपासून होलपर्यंत चालत जायचं, पावलं मोजायची, परत यायचं. पाऊल किती फुटांचं ते घरी बघून ठेवा, दोन बाय दोनच्या टाइल्स असतील तर नेहमीच्या चालीने दहा पावलं चाला आणि किती टाइल्स गेल्या ते मोजा. बऱ्याच जणांचं अडीच फुटांच्या आसपास निघतं, म्हणजे १६ पावलं झाली की ४० फूट.

का करायचं? बॉलच्या मागे उभं राहून बघितलं की लांबचं अंतर डोळ्याला आखूड दिसतं, मधली जमीन दबल्यासारखी होते. ३० फूट आणि ४० फूट यातला फरक मागून बघून सांगा म्हटलं तर भले भले चुकतात. आणि आकडा नसेल तर शिकणं होत नाही, आज १६ पावलांना एवढा स्ट्रोक लागला हे कळलं तरच पुढच्या १६ पावलांना ते वापरता येणार. दुसरा फायदा असा की चालताना चढउतार तळपायाला कळतो. लाइनीच्या खालच्या अंगाने चाला, कुणाच्या लाइनीवर पाय देऊ नका, आणि हे सगळं दुसरे पट मारत असताना उरकून घ्या. आपली पाळी आल्यावर मोजणी अधिकाऱ्यासारखे फेऱ्या मारू लागलात तर मागचा फोरबॉल शिव्या घालेल आणि ते बरोबरच आहे.

झेंडा तसाच राहू द्या. २०१९ पासून झेंडा होलमध्ये ठेवून पट मारायला नियमाने परवानगी आहे, आणि लांबून नुसत्या भोकापेक्षा उभी काठी दिसली की अंतराचा अंदाज चांगला येतो. जुन्या सवयीने काढून ठेवणारे अजून पुष्कळ आहेत.

२. प्रॅक्टिस स्विंग कुठे बघून करता?

जवळजवळ सगळे खाली, गवताकडे बघून दोन स्विंग करतात आणि त्या दोन स्विंगचा समोरच्या पटशी काही संबंध नसतो. बॉलच्या बाजूला, होलकडे तोंड करून, डोळे होलवर ठेवून दोन-तीन स्विंग करा. गल्लीत अंडरआर्म बॉल टाकताना आपण कुठे हाताकडे बघतो, समोरच्याकडे बघतो आणि हात आपोआप तेवढाच मागे जातो, तेच इथे करायचंय. शेवटचा स्विंग "हा एवढा" असा वाटला की लगेच बॉलवर या आणि मारा. मधे दहा-बारा सेकंद गेले की ती जाणीव विरून जाते, म्हणून बॉलवर पुतळ्यासारखं उभं राहणाऱ्यांचं अंतर बिघडतं. एक राउंड हे करून बघा, कार्डावर फरक दिसला तर पुढचं वाचायची घाई नाही.

३. आज ग्रीनचा स्पीड किती आहे?

पहिल्या चार होल्सवर चुकणाऱ्यांनी आणि परक्या कोर्सवर गळपटणाऱ्यांनी हे नीट वाचा.

ग्रीनचा स्पीड मोजायचं जे स्टिम्पमीटर असतं ते म्हणजे खाच पाडलेली ३६ इंची पट्टी, तिच्यावर बॉल ठेवून पट्टी उचलायची, साधारण २० अंशाला बॉल सुटतो आणि सपाट ग्रीनवर जितके फूट पळतो तो आकडा. १९३५ मध्ये एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन गोल्फरने हे काढलं, ओकमाँटच्या कोर्सवर यूएस ओपन स्पर्धा बघताना तिथले ग्रीन्स भयंकर फास्ट आहेत असं त्याला वाटलं म्हणून, आणि १९७८ पासून यूएसजीएने (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने) ते कोर्स सांभाळणाऱ्या लोकांना द्यायला सुरुवात केली. म्हणजे "आज फार पळतंय राव" हे मोजता येतं, आणि हा आकडा एकाच कोर्सवर ऋतूप्रमाणे, कधी कधी सकाळ-दुपारमध्येही बदलतो. आपल्याकडे जुलैमध्ये माती भिजलेली, गवत वाढलेलं, ग्रीन ढिम्म. तेच ग्रीन फेब्रुवारीत कोरडं, टणक, बॉल थांबायचं नाव घेत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच्या टी-टाइमला (खेळ सुरू करायच्या वेळेला) दव असतं, बॉलच्या मागे पाण्याचा पट्टा उमटताना दिसतो, तेवढं पाणी उडवण्यात बॉलचा जीव जातो आणि दहा वाजता ऊन आलं की त्याच स्ट्रोकने बॉल सुसाट. येरवड्याला खेळणारा माणूस खारघरला किंवा चेंबूरला गेला की हात तोच राहतो, ग्रीन बदलतं.

उपाय: राउंडच्या आधी प्रॅक्टिस ग्रीनवर दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत तीन फुटांचे पट घालत बसायचं नाही. तीन बॉल घ्या, जरा सपाट जागा बघा, पटर उजव्या पायाच्या बोटापासून डाव्या पायाच्या बोटापर्यंत जाईल एवढाच स्ट्रोक, जोर न लावता, आणि बॉल किती पावलं गेले ते मोजा. हा तुमचा आजचा आकडा. काल हाच स्ट्रोक ८ पावलं जायचा आणि आज १० जातोय म्हणजे ग्रीन फास्ट आहे, झालं, पहिल्या होलवर प्रयोग करायची गरज उरली नाही. मग ग्रीनच्या एका टोकावरून समोरच्या कडेला बॉल नेऊन थांबवायचे, होलकडे नाही, कडेला. होल समोर असला की माणूस घालायच्या मागे लागतो आणि अंतर बघायचं सोडून देतो.

नियमाचं एक लक्षात ठेवा, राउंड चालू असताना समोरच्या ग्रीनवर हात घासून किंवा बॉल घरंगळवून स्पीड तपासायचा नसतो. होल संपल्यावर त्याच ग्रीनवर एखादा पट मारून बघता येतो, पण कमिटीने त्यावर बंदी घातली नसेल तर आणि मागच्यांचा खोळंबा होत नसेल तरच.

४. चढउतार आकड्यात मांडा

"अपहिल आहे, जरा जोरात" एवढ्यावर भागत नाही, जरा म्हणजे किती? ग्रीनचा स्पीड स्टिम्पवर १० च्या आसपास असेल तर ४० फुटांचा पट १ टक्का चढावर साधारण ४५ फुटांसारखा खेळतो आणि २ टक्के चढावर ५० फुटांसारखा. उतारावर तोच पट १ टक्क्याला ३५ आणि २ टक्क्यांना ३० फुटांसारखा. म्हणजे २ टक्के चढ आणि २ टक्के उतार, अंतर तेच, पण खेळायला ५० विरुद्ध ३०! आणि १ टक्का म्हणजे ४० फुटांत जेमतेम ५ इंचांची उंची, मागे उभं राहून दिसतसुद्धा नाही. म्हणून बाजूने बघायचं, खालच्या बाजूने, बॉल आणि होल यांच्या मधोमध उभं राहून, कोणतं टोक उंच आहे ते. ग्रीन जितकं फास्ट तितका हा फरक आणखी वाढतो. फेब्रुवारीत उतारावरचे पट फ्रिंजमध्ये जातात ते त्यामुळेच.

वापरायचं असं: १६ पावलं मोजलीत, चढ २ टक्के वाटतोय, तर होलच्या पुढे ४ पावलांवर एक खोटा होल धरायचा, प्रॅक्टिस स्विंग त्या खोट्या होलकडे बघून करायचे आणि मारतानाही त्याच्यासाठीच मारायचं. उतारावर खोटा होल अलीकडे. "जोरात" आणि "हळू" हे शब्द डोक्यातून काढून टाका, त्यांनी हात आखडतो, अंतरच बदलायचं.

टक्के कसे कळणार म्हणाल, तर मोबाइलमध्ये लेव्हलचं ॲप असतं, प्रॅक्टिस ग्रीनवर फोन ठेवून १, २, ३ टक्क्यांच्या जागा शोधा आणि तिथे उभं राहून पायाला ते कसं लागतं ते बघा. काही ॲप टक्क्यांऐवजी अंश दाखवतात, १ अंश म्हणजे पावणेदोन टक्के. हे फक्त सरावाला, राउंडमध्ये चढ मोजायला फोन काढायचा नाही.

मग ग्रेन, म्हणजे गवताचा झुकाव. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बर्म्युडा जातीचं गवत, आणि ते एका दिशेला झुकून वाढतं. होलकडे बघताना गवत चकचकीत, फिकट दिसत असेल तर ते तुमच्यापासून दूर झुकलंय, बॉल जास्त पळणार. गडद, मळकट दिसत असेल तर तोंड तुमच्याकडे, बॉल लवकर थांबणार. होलच्या कडा बघा, एका बाजूची कड तुटकी, सुकलेली असते, ग्रेन त्या बाजूला जातोय. चढ आणि उलटा ग्रेन एकत्र आले की पट हमखास शॉर्ट राहतो, आणि कॅडीला हे पाठ असतं. लाइन विचारण्याऐवजी "ग्रेन कुठे जातोय?" विचारा, बघा तो कसा खुलतो.

५. बॉल कुठला?

एका राउंडमध्ये तळ्यातून काढलेले, सापडलेले, बक्षिसात मिळालेले असे चार जातींचे बॉल खेळणारे खूप जण आहेत. लांब शॉटला तुमच्या-माझ्या लेव्हलला फार फरक पडत नसेल, पण पटरवरून कडक टू-पीस (दोन थरांचा) आणि मऊ कव्हरचा बॉल वेगळे सुटतात, आवाज वेगळा, हाताला लागतं वेगळं, आणि अंतराचा अंदाज आपण बराचसा त्या आवाजावरच बांधत असतो. महाग बॉल घ्या असं म्हणत नाही, एकच मॉडेल ठेवा, आणि प्रॅक्टिस ग्रीनवरही तोच. ग्रीनवर बॉलची जागा मार्क करून बॉल पुसून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

६. बॉल पटरच्या कुठे लागतोय?

दोन्ही बाजूंना चुकणाऱ्यांनो, तुमचा आजार बहुधा इथे आहे. पटरच्या फेसवर (बॉलला लागणाऱ्या बाजूवर) टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा आणि ३०-४० फुटांचे पाच-सहा पट मारा. बॉलचा ठसा उमटतो. प्रत्येक पटनंतर मोबाइलवर फोटो, पुसायचं, परत पावडर.

आमच्या ग्रुपातला एक आयटीवाला, तिसरा पटर घेऊन झालेला, "दादा, हातच बसत नाही" म्हणत आला. ६ फुटांवरून पावडर लावून मारायला लावलं तर ठसे अगदी मधोमध. तेच ४० फुटांवर नेलं तर एकही ठसा मधे नाही, तीन टोकाकडे, एक टाचेकडे (दांड्याजवळच्या बाजूला), आणि टोकाकडचे तिन्ही बॉल शॉर्ट. का, तर लांब पट म्हणून तो पाय फाकवून खाली वाकत होता, बॉल शरीरापासून लांब जायचा, आणि मोठ्या स्विंगमध्ये सगळं अंग डुलायचं. त्याला म्हटलं, लांब पटला उलट थोडं ताठ उभं राहा, बॉल जवळ घे, पोट हलू देऊ नको. पटर तोच, माणूस तोच, ठसे बऱ्यापैकी एकत्र आले.

कारण साधं आहे. मधोमध न लागता अर्धा-पाऊण इंच बाजूला लागलं की पटरचं डोकं फिरतं आणि ढकलायची ताकद त्या फिरण्यात जाते. ब्लेड (अरुंद डोक्याच्या) पटरवर जास्त, मॅलेटवर (मोठ्या, रुंद डोक्याच्या पटरवर) कमी. छोट्या पटला ते कळत नाही, ४० फुटांवर कळतं. इलाज स्वस्त आहे: पटरच्या डोक्यापेक्षा जेमतेम रुंद अशा अंतरावर दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) जमिनीत खोचा आणि त्यांच्या मधून, टीला न लागता, लांब पट मारा. सुरुवातीला खटाखट टी उडतील. उडू देत.

७. टेंपो

इथून पुढे काम जरा अवघड, कारण आता सवय बदलायची आहे. दोन प्रकारचे लोक दिसतात. पहिला, पटर जेमतेम मागे नेणार आणि मग दणका देणार. दुसरा, पटर भरपूर मागे नेणार आणि बॉलजवळ येताना घाबरून ब्रेक लावणार. दोघांचाही वेग बॉल लागायच्या क्षणी बदलत असतो, त्यामुळे दर वेळी तो वेगळा पडतो. साइडने मोबाइलवर व्हिडिओ काढा, स्लो मोशनमध्ये बघा, तुम्ही कुठले ते लगेच दिसेल. मागे जेवढं गेलं त्यापेक्षा पुढे खूपच कमी जात असेल तर ब्रेक लागतोय.

चांगले पट मारणारे लांब पटला जोर वाढवत नाहीत, स्ट्रोक लांबवतात, वेळ तेवढाच. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला ७५ च्या आसपास, एका टिकला मागे सुरू, दुसऱ्या टिकच्या आसपास वरून खाली, आणि १०, २०, ४० फूट तिन्ही त्याच तालावर मारून बघा. आकडा ७० असो का ८०, तुमच्या चालीला जो जमतो तो, फक्त तिन्ही अंतरांना एकच हवा. आणि पकड बघा. लांब पट आला की लोक ग्रिप आवळतात, मनगटं दगड होतात, पटरच्या डोक्याचं वजन कळेनासं होतं. स्ट्रोक सुरू व्हायच्या आधी पटर जरा उचलून वजन जाणवतंय का ते बघायचं.

यावर तीन-चार आठवडे द्या, एका संध्याकाळी सोडून देऊ नका.

८. पटर, सगळ्यात शेवटी

बघा, आठव्या नंबरावर आला. लोक इथूनच सुरुवात करतात.

आधी ग्रिप. मुंबईच्या घामात वर्षानुवर्षं वापरलेली ग्रिप काचेसारखी होते, मग ती धरायला आवळावं लागतं आणि वरचा सगळा टेंपो गेला. ग्रिप बदलणं नव्या पटरच्या मानाने किरकोळ खर्च. त्यानंतर लांबी: दुकानात बहुतेक ३४-३५ इंची मिळतात आणि आपल्यातल्या पुष्कळ जणांना त्या लांब पडतात, पटरची टाच खाली आणि टोक हवेत, मग ठसे परत बाजूला. स्वतः कापू नका, कापल्यावर डोकं हलकं लागतं आणि अंतराचं नवीन दुखणं सुरू होतं. लॉफ्टही (फेस मागे झुकलेला असतो तो कोन) बघून घ्या, पटरला साधारण ३-४ अंश असतो, बॅगेत आपटून किंवा रागाच्या भरात जमिनीवर आपटून तो बदललेला असू शकतो. लॉफ्ट कमी झाला तर बॉल सुरुवातीला गवतात दाबला जातो, जास्त झाला तर उडी मारतो, दोन्हीत बॉल लोळायला लागायच्या आधीच वेग जातो. हे डोळ्याने कळत नाही, मशीन लागतं, फिटरकडेच जा.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

चष्मा. हे फार जण विसरतात म्हणून आधी लिहितो. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर बॉलकडे बघताना नजर खालच्या, वाचायच्या भागातून जाते आणि होलकडे बघताना वरच्या. आमच्याकडचे एक रिटायर्ड काका, एकेकाळचे चांगले खेळाडू, दर पटला मान वरखाली करत बसायचे. "अहो काका, काय शोधताय?" तर म्हणाले, "बॉल दोन ठिकाणी दिसतो रे, कुठला खरा ते बघतोय." अशा वेळी पटिंग कोच काही करू शकत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की पाच-साडेपाच फुटांवरचा बॉल आणि लांबचा होल दोन्ही एकाच काचेतून बघायचे आहेत, खेळायला वेगळा, एकाच नंबरचा चष्मा मिळतो. काकांनी तो केला. अचानक अंतर कळेनासं झालं असेल, एका डोळ्याने धूसर दिसत असेल, तर गोल्फ बाजूला ठेवून आधी तपासणी.

झटका. बॉल लागायच्या क्षणी हात आपल्या मनाविरुद्ध उडतो, विशेषतः उजवा, आणि मॅचमध्ये जास्त, याला यिप्स म्हणतात. हे टेंपोच्या सरावाने घासून जात नाही, उलट जास्त सरावाने मुरतं. ड्रिल्स बंद करा आणि ज्याने यिप्सवाले खेळाडू हाताळलेत अशा कोचकडे जा, तो पकड किंवा पटरचा प्रकार बदलून बघेल. असाच थरकाप चहाचा कप धरताना, सही करताना होत असेल तर कोच नाही, डॉक्टर.

पाठ, मनगट. दहा मिनिटं वाकून पट मारल्यावर कंबर धरत असेल तर वरचं सगळं वाचून सराव वाढवू नका, फिजिओकडे जा. दुखऱ्या पाठीचा माणूस नकळत वर उठतो आणि ठसे परत पसरतात.

आणि कोच. सगळं करून, तीन-चार आठवडे देऊन, ठसे मधे येत असूनही सपाटीवर ४० फुटांना दोन्ही बाजूंनी ६-६ फूट फरक राहतोच आहे, तर पुढचं तुम्हाला स्वतःचं स्वतः दिसणार नाही. एक तासाचं फक्त पटिंगचं सेशन मागा, दहा लेसनच्या फुल स्विंग पॅकेजला लगेच हो म्हणू नका. जाताना नोंदींची दोन कार्डं, ठशांचे फोटो आणि साइडचा व्हिडिओ घेऊन जा, आणि चूक कुठे होते ते तोंडाने सांगा, कारण तो प्रॅक्टिस ग्रीनवर सपाट जागी पट बघणार, आणि तुमचं दुखणं १६ पावलांच्या उतारावरचं असेल तर तिथे ते त्याला दिसणारच नाही.